एका टिंबाची बातमी

निवृत्ती,

शुक्रवारी तुझी दशक्रिया झाली. घाटावर मांडव पुरला नाही, लोक उन्हात उभे होते. माईकवर एकामागून एक माणसं श्रद्धांजली वाहून जात होती. "हसतमुख वृत्तपत्र विक्रेते", "दिव्यांग असूनही जिद्दीने उभे राहिलेले", असं सगळं. एका पुढाऱ्याने तर तुझं नाव नारायण घेतलं. तू शेजारी असतास तर मला कोपराने ढोसलं असतंस आणि म्हणाला असतास, "आता मेल्यावर पन नावदुरुस्तीचा अर्ज टाकायचा का राव?"

मग सूत्रसंचालकाने मला पुकारलं. "निवृत्तीभाऊंचे बालमित्र आणि ज्यांच्या लेखणीमुळे निवृत्तीभाऊंना न्याय मिळाला ते आपले ज्येष्ठ पत्रकार दिनकरराव." मी उठलो. चार वाक्यं बोललो. तू पेपर विकायच्या आधी वाचायचास, हे सांगितलं. लोक हसले. न्यायाबद्दल मी काही बोललो नाही. नाकारलंही नाही. माईक पुढच्या माणसाकडे दिला आणि येऊन खाली बसलो.

जे तिथे बोललो नाही ते आज लिहायला घेतलंय. आज सोमवार आहे, आणि सोमवारचं मी तुझं एक देणं लागतो. त्याकडे येतोच.

आपली ओळख कुठून झाली हे मला आठवत नाही, कारण तू नव्हतास असं काही मला आठवतच नाही. शिनोलीच्या शाळेत तू बाकाच्या कडेला बसायचास, कॅलिपरच्या पट्ट्या लावलेला पाय बाहेर काढून, आणि मी आतल्या बाजूला. पळायच्या शर्यतीत तू शिट्टी वाजवायचास. "मी पळत न्हाई, मी पळवतो," असं म्हणायचास. पुढे मी कॉलेजला गेलो, परत आलो, थोडी शेती आणि थोडी पत्रकारिता करू लागलो. तू स्टँडवर पेपरचा स्टॉल टाकलास. मी लिहायचं आणि तू विकायचं, अशी आपली पंचवीस वर्षं गेली.

पहाटे साडेपाचला गाडी गठ्ठे टाकून जायची. तू तीनचाकी सायकल आडवी लावून पहिला गठ्ठा सोडायचास आणि दिव्याखाली आधी आपल्या तालुक्याचं पान उघडायचास. वाचल्याशिवाय विकायचं नाही हा तुझा नियम होता. "गिऱ्हाइकानं इचारलं आज काय हाय, तर सांगता आलं पायजे. भाजीवाल्याला मेथी कंची हाय ते ठाऊक नको का?" मी सातच्या सुमाराला यायचो तेव्हा माझ्या बातमीवर तुझ्या बॉलपेनच्या खुणा असायच्या. इथं 'संतप्त' कशाला, कोणी संतापलेलं नव्हतं, सगळे चहा पीत होते. इथं 'शेकडो' लिहिलंस, मी तिथंच होतो, साठ माणसं होती. बिबट्याची बातमी असली की तुझे अंक दहापर्यंत संपायचे. पेन्शन, रेशन, घरकुल असलं काही असलं की गठ्ठा उरायचा. "लोकांना बिबट्याची भीती वाटती," तू म्हणायचास, "कचेरीची सवय झालीय."

आणि तुझा तो जुना विनोद. अपंगाची पेन्शन तुला कित्येक वर्षं मिळत होती. कोणी विचारलं की तू म्हणायचास, "माझ्या नावातच पेन्शन हाय. निवृत्ती. फकस्त वेतन जोडायचं."

मग ती नवी पद्धत आली. ज्यांना ज्यांना पेन्शन मिळते त्या सगळ्यांनी नवं कार्ड काढायचं आणि मोबाईलवर चेहऱ्याची पडताळणी करायची. दोन्ही झाल्याशिवाय पैसे जमा होणार नाहीत. खोटे लाभार्थी शोधायचे म्हणून हे चाललं होतं. मी पहिल्याच बातमीत 'जाचक अटी' लिहिलं आणि त्यावरून आपलं पहिलं भांडण झालं.

"जाचक कशाला? धडधाकट मानसं अपंग म्हनून पैसे खात्यात. त्यांना काढायलाच पायजे. मी सांगतो तुला नावं."

"मग तू सरकारच्या बाजूचा?"

"मी कुणाच्या बाजूचा न्हाई. पडताळणी करा की. पर मानूस समोर हुबा असताना मोबाईल म्हनतो मानूस न्हाई, तवा कुणाचं खरं मानायचं? एवढंच लिही. बाकी 'जाचक' आनि 'संतप्त' काढून टाक."

मी तसं लिहिलं नाही. तेवढ्याने बातमी उभी राहत नाही असं मला वाटलं. आज वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात ते एकच वाक्य खरं लिहिण्यासारखं होतं.

दोन महिन्यांनी तुझीच पेन्शन थांबली. कार्डाचा अर्ज केलेला, पावती जवळ, आणि पोर्टलवर नुसतं 'प्रलंबित'. तू चार वेळा तालुक्याच्या कचेरीत गेलास. प्रत्येक वेळी एसटीच्या पायऱ्या चढताना कोणीतरी तुला खालून धरायचं, आणि प्रत्येक वेळी तुला सांगायचे की हे वरून आहे, आमच्या हातात काही नाही. मी म्हणालो, बातमी करू. तू नको म्हणालास. मी पुन्हा म्हणालो. तेव्हा तू दोन अटी घातल्यास. माझ्या एकट्याचं लिहू नको, अडकलेल्या सगळ्यांचं लिही. आणि पायाचा फोटो नको.

मी दोन्ही कबूल केल्या होत्या, निवृत्ती. स्टॉलवर उभा राहून, तुझ्या हाताचा चहा पीत.

पुण्याच्या संपादकीय डेस्कवरून फोन आला. इतकी नावं कोण वाचणार, एक चेहरा द्या. फोटो पाठवला तर म्हणाले, यात तो चांगला धडधाकट दिसतोय, पाय दिसला पाहिजे. माझ्याकडे दुसरा फोटो होता. तू सायकलवरून उतरताना मी तुला न सांगता काढलेला. मी तो पाठवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तू होतास, कॅलिपर पुढे, तोंड वाकडं झालेलं, आणि वर मथळा: 'बिचाऱ्या निवृत्तीचे वेतनच निवृत्त!'

श्रावण चालू होता. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या स्टँडवर थांबत होत्या. मी सातला आलो तेव्हा तू माझा अंक नुसता पुढे केलास. अंकावर खूण नव्हती. दुपारी सांगितलंस. नगरकडची एक जीप थांबली, बायामाणसं उतरली, पाच अंक घेतले आणि समोर वडाखाली अंथरून त्यावर साबुदाण्याची खिचडी वाढून घेतली. "मी हितून बघत व्हतो," तू म्हणालास. "माझ्या तोंडावर एका पोराचं ताट व्हतं. त्यांची काय चूक? श्रावणात पेपर बसायलाच घेत्यात. पर त्या म्हातारीनं ताट उचलल्यावर माझ्याकडं बघितलं आनि परत पेपरकडं बघितलं. मग उठून आली आनि हातावर धा रुपये ठिवाय लागली. मी म्हनलो, मावशी, अंकाचे पैसे मिळाले. ती म्हनली, असू दे रे बाबा, बिचारा."

तू ते शेवटचं अक्षर जरा लांबवून म्हणालास. मी डेस्कवर ढकललं, मथळे मी देत नाही म्हणालो. ते खरंच होतं. पण फोटो मी दिला होता, हे तू बोलला नाहीस आणि मीही नाही.

बातमी गाजली, यात वाद नाही. आठवडाभर पुण्याच्या सगळ्या पेपरांनी ती पद्धत झोडपली. कोणी अग्रलेख लिहिले, कोणी आंधळ्या-पांगळ्यांच्या रांगांचे फोटो छापले. वरून खुलासे आले, की तक्रारी तुरळक आहेत, माध्यमं बाऊ करतात. आणि एके दिवशी अकराच्या सुमाराला कचेरीचे साहेब स्वतः गाडी घेऊन तुझ्या स्टॉलवर आले. तुझं कार्ड हातात. मला आधीच फोन होता, मी कॅमेरा घेऊन हजर. साहेबांनी तुला शाल घातली, कार्ड दिलं. तू कार्ड घेतलंस आणि विचारलंस, "सायेब, बाकीच्यांचं?"

"होईल, सगळ्यांचं होईल," साहेब म्हणाले.

"कवा?"

साहेब हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा मित्र पत्रकारच आहे की!" सगळे हसले. मीही.

त्या संध्याकाळी मी बातमी पाठवली. आपल्या पेपरात अशा बातमीची एक ठरलेली चौकट असते, तुला माहीत आहे. वर पेपरचं नाव, खाली 'बातमीची दखल'. मथळा मी दिला होता: 'दिव्यांगांचा प्रश्न मार्गी'.

दुसऱ्या दिवशी तुझ्या बॉलपेनने त्या मथळ्यातल्या एका टिंबाभोवती गोल केलेला होता. 'दिव्यांगांचा' मधल्या दुसऱ्या अनुस्वाराभोवती.

"ह्ये टिंब काढ. 'दिव्यांगाचा' पायजे. एकाचं काम झालं. टिंब दिलं की सगळ्यांचं झालं."

मी हसण्यावारी नेलं. तू हसला नाहीस. "आनि दिव्य काय हाय माझ्यात? अपंग म्हन की सरळ. पर त्ये ऱ्हाऊ दे. टिंबाचं सांग. कुणी दिलं?"

आणि मी म्हणालो, "डेस्कवाल्यांनी. घाईत होतं असं."

ते खोटं होतं. टिंब मी दिलं होतं. चुकून नाही. 'दिव्यांगाचा' असं आधी टाइप केलं होतं, आणि मग वाटलं, एका माणसाचं काम झालं ही काय दखल? एवढ्या बातम्या, एवढा गाजावाजा, आणि निघालं एक कार्ड? सगळ्यांचं होईल असं साहेब म्हणालेच आहेत. होईल आणि झालं यात किती अंतर? मी मागे जाऊन टिंब दिलं. त्या चौकटीखाली माझं नाव येणार होतं. पुण्याच्या कार्यालयात माझं कौतुक झालं, फोन आले. हे सगळं मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतोय, तू ऐकू शकत नाहीस तेव्हा.

तुझी पेन्शन सुरू झाली आणि तू ती घेतलीस. ती घेताना तुला लाज वाटायची हे मला कमलवहिनींनी नंतर सांगितलं. लोक टोमणे मारायचे, "तुजा दोस्त पेपरात, तुला काय!" मग तू एक उद्योग सुरू केलास. दर सोमवारी स्टॉल लवकर आवरायचास आणि अडकलेल्यांपैकी कोणाला तरी घेऊन नऊच्या एसटीने कचेरीत जायचास. तुझा पाय तसा, आणि तू दुसऱ्यांना पायऱ्या चढवायचास. कंडक्टर लोक म्हणायचे, आली आमदार साहेबांची यात्रा.

त्यात ठकूबाई होत्या. वरच्या वाडीवरच्या. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता पुतण्याच्या पडवीत राहतात. लहानपणी देवीच्या रोगात एक डोळा गेला, दुसऱ्याने धुरकट दिसतं. मोबाईल चेहरा बघतो, तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो. ठकूबाई उघडझाप करायच्या आणि मोबाईल म्हणायचा, चेहरा आढळला नाही. तू त्यांना घेऊन तीन सोमवार गेलास. चौथ्या सोमवारी जे झालं ते सांगायला तू उन्हात सायकल मारत थेट माझ्या घरी आलास. पाणीसुद्धा घेतलं नाहीस.

"त्या कारकुनानं टेबलाच्या काचंखालून कात्रान काढलं. तुझं. म्हनला, हे बघा, पेपरातच आलंय, प्रश्न मार्गी लागलाय. आता तुमचं काय असंल तर ते तुमचं वैयक्तिक. ठकूबाईला वाचता येत न्हाई. तिनं मला इचारलं, पेपरात माझं झालं म्हनून लिवलंय का? मी काय सांगू? सांग ना!"

मी म्हणालो, मी कारकुनाशी बोलतो.

"बोलू नको. लिही. मार्गी लागलेला न्हाई म्हनून लिही. त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात."

"अरे, एकदा दखल छापल्यावर पेपर परत तसं छापत नाही. माझीच बातमी मी खोटी कशी म्हणू?"

"खोटी हाय म्हनून."

"टिंब माझं नव्हतं, निवृत्ती!"

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "बरं." सायकल वळवलीस. मी दारात उभा होतो. ढकलू का असंही मी विचारलं नाही, तो चढ तुला एकट्याला नेहमी जड जायचा.

मी दुसऱ्याच दिवशी एक बातमी लिहिली, हेही तुला सांगायचं राहिलं. ठकूबाईंची, चौथ्या सोमवारची, कात्रणाची. लिहून झाली आणि मी ती पाठवली नाही. डेस्क छापणार नाही असं स्वतःला सांगितलं. डेस्कला विचारलंच नव्हतं. पाठवली असती तर टिंब कोणाचं हा प्रश्न पुण्यातूनही आला असता.

त्यानंतर भाद्रपदापासून माघापर्यंत आपण बोललो नाही. मी रोज सातला यायचो. तू माझा अंक घडी करून बाजूला ठेवलेला असायचा. दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता माझ्या हातात द्यायचास. खूण नसायची. मी बातम्या देत राहिलो, बिबट्याच्या, कांद्याच्या, कालव्याच्या पाण्याच्या. तुला सांगू, त्या सहा महिन्यांत माझ्या बातम्यांत 'शेकडो' आणि 'संतप्त' खूप वाढले होते.

वर कोणीतरी त्या पद्धतीवर प्रश्न विचारला होता, त्याला उत्तर म्हणून कचेरीकडून वृत्तपत्रांची कात्रणं जोडून गेली. त्यात माझी चौकटही होती. हे मला एका ओळखीच्या माणसाने कौतुकाने सांगितलं. "तुमचं नाव पार वर गेलं," असं म्हणाला. ज्या पद्धतीवर आम्ही आठवडाभर तुटून पडलो होतो, ती ठीक चालल्याचा पुरावा मीच लिहून दिला होता. त्या दिवशी मी स्टँडवर आलो, तुझ्यासमोर उभा राहिलो, तू अंक पुढे केलास, मी पैसे दिले आणि गेलो.

माघात तुझ्या छातीत कफ धरला. आधी साधा खोकला, मग दवाखाना. मी शनिवारी आलो. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, वहिनी उशाशी बसल्या होत्या. तू मला बघितलंस आणि हाताने खुर्ची दाखवलीस. सहा महिन्यांनी तू मला बस म्हणालास. वाटेत मी सगळं ठरवून आलो होतो. आल्या आल्या सांगायचं, एका वाक्यात, टिंब मी दिलं होतं. पण तू खुर्ची दाखवलीस आणि मला इतकं बरं वाटलं की ते मला मोडवेना. आपण गठ्ठे कोण उतरवतंय यावर बोललो. टोमॅटोच्या भावावर बोललो. मग तू मास्क वर केलास.

"सोमवारी ठकूबाईला न्यायचंय. मी न्हाई जाऊ शकत."

"बघतो," मी म्हणालो.

तू हसलास. खोकला आला, वहिनींनी मास्क खाली केला. हसलास का ते मला बाहेर आल्यावर कळलं. कचेरीत आपल्या लोकांना हेच उत्तर मिळतं.

त्या सोमवारी मी गेलो नाही. अवसरीकडे बिबट्या पिंजऱ्यात सापडला होता, सकाळीच फोन आला. मी तिकडे गेलो. फोटो चांगले मिळाले. बुधवारी तू गेलास.

शुक्रवारी घाटावरून परतल्यावर मी वहिनींच्या पाया पडायला गेलो. घरात बायकांची गर्दी होती. त्या उठून ओट्यावर आल्या. त्याच आधी बोलल्या.

"तुमच्यावर राग नव्हता त्यांचा, भावजी. एकच म्हनायचे, दिनूनं एकदा आपल्या तोंडानं सांगावं, बास."

"काय सांगावं?"

"ते न्हाई बोलले. मी दोनदा इचारलं. म्हनले, त्याला ठाऊक हाय."

म्हणजे तुला कळलं होतं. कधीपासून, ते मला कळायचा आता मार्ग नाही. कदाचित माझ्या दारातच, 'बरं' म्हणालास तेव्हा. मग सहा महिने तू माझा अंक घडी करून बाजूला ठेवत राहिलास, रोज सकाळी मला एक संधी देत राहिलास, आणि मी रोज सुट्टे पैसे मोजून निघून गेलो. माझा राग आला असता तर सोसला असता रे. पण राग नव्हता हे ऐकल्यावर मला त्या ओट्यावर उभं राहवेना.

आज सोमवार. मी सकाळी वाडीवर गेलो. ठकूबाई तयार होत्या. कोणी नेईल याची खात्री नव्हती, तरी सोमवार म्हणून कागदांची पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. माझा आवाज त्यांनी ओळखला नाही. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "पेपरवाला व्हय." मी हो म्हणालो. त्यांनी हात पुढे केला.

एसटीत त्या खिडकीशी बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुजा मैतर लई बोलायचा रस्त्यानं. हे झाड आलं, ते शेत आलं, आज कुनाचा कांदा निघालाय. मला समदं दिसायचं. तू गप का?"

मी त्यांना सांगितलं. पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. पेपरात एक टिंब कमी द्यायचं होतं, मी जास्त दिलं, आणि त्यामुळे कचेरीला वाटलं की सगळ्यांचं काम झालं, तुमचंही. आणि निवृत्तीला मी सांगितलं की ते मी दिलं नाही.

"टिंब म्हंजी केवढं?"

मी त्यांचा हात घेतला आणि तळव्यावर नखाचं टोक टेकवलं. "एवढं."

"एवढ्याशानं?" त्या म्हणाल्या. त्यांनी हात पदराखाली घेतला. मग तुझं ते शेतं सांगणं आठवलं, आणि मी खिडकीबाहेर बघून म्हणालो, "ज्वारी निसवलीय इथली, कणसं बाहेर आलीत." त्यांनी मान हलवली नाही. पण पुढच्या शेताशी त्यांनी विचारलं, "आनि ह्ये?" मी म्हणालो, "कांदा. पात अजून हिरवी हाय."

कचेरीत बाराला नंबर लागला. खिडकीमागे एक मुलगी होती, जेमतेम पंचविशीची. तिने चांगलं वागवलं, हे लिहायला पाहिजे. स्वतः उठून बाहेर आली, ठकूबाईंना उजेडात बसवलं, मोबाईल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला.

"मावशी, डोळे मिटा. आता उघडा. परत मिटा."

चेहरा आढळला नाही.

"मी हितंच हाय की गं," ठकूबाई मोबाईलला म्हणाल्या.

मुलीने पाच वेळा केलं. शेवटी खाली बसून म्हणाली, "मावशी, माझ्या हातात असतं तर आत्ता केलं असतं. साहेबांचं पत्र लागतं, हाताने भरायला. साहेब मीटिंगला गेलेत. पुढच्या सोमवारी या." मग तिने वही उघडली. "सोबत कोण? नेहमीचे दादा नाही आले?"

"त्ये गेले," ठकूबाई म्हणाल्या.

मुलीने वहीतून मान वर केली. तिला कळलं नव्हतं. मग तिने माझ्याकडे बघितलं. "आणि हे कोण?"

मला वाटलं, ठकूबाई पेपरवाला म्हणतील. त्यांनी मान माझ्या बाजूला वळवली, जिथे मी असेन असं त्यांना वाटत होतं तिथे.

"त्याच्या जागी आलाय."

मी नाव सांगितलं. मुलीने लिहिता लिहिता वर बघितलं. "तुम्ही पत्रकार ना? बातमीसाठी आलात का?"

नाही, असं पहिल्यांदा तोंडात आलं. म्हणालो असतो तर तेही खोटंच झालं असतं.

"सोबत आलोय," मी म्हणालो. "आणि बातमीही देणार आहे. काम झालं नाही अशी."